तीन मिनिटं चाळीस सेकंद

जावईबापूंना अनेक आशीर्वाद.

(हा शब्द लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला, पुन्हा खोडला आणि कागद फाटायला आला तेव्हा तसाच ठेवला. घटस्फोटाच्या सह्या होऊन तीन महिने झाले, तेव्हा कागदोपत्री तुम्ही माझे जावई राहिलेला नाहीत हे मला कळतं. पण मग तुम्हाला म्हणायचं काय? 'अहो लिफ्टवाले' म्हणावं तर चौथ्या मजल्यावर अडकून हाका मारतेय असं वाटतं. 'अरे' म्हणावं तर नऊ वर्षं अहो-जाहो केलेली जीभ वळत नाही. तेव्हा जुन्याच हुद्द्यावर भागवून घ्या.)

पाठ कशी आहे? लिफ्टच्या खड्ड्यात वाकून काम करताना पट्टा बांधत जा, असं मी नऊ वर्षं सांगत आले, तुम्ही नऊ वर्षं 'हो आई' म्हणत आलात, आणि परवा कपाट आवरताना तो पट्टा मला घडी न मोडलेला सापडला. माझं म्हणाल तर उजवा गुडघा, ज्याचं ऑपरेशन झालं, तो झकास आहे. डाव्याचं झालेलं नाही, त्यामुळे तो उजव्यावर जळतो आणि दर पायरीला तसं बोलून दाखवतो. काम चालू आहे. भुईकाट्याच्या त्याच केबिनमध्ये बसते, ट्रक काट्यावर चढतात, मी आकडा बघून वजनाची चिठ्ठी देते, ट्रक उतरतात. एकतीस वर्षांत फरक एवढाच पडला की पूर्वी चालक मला 'मुली' म्हणायचे, आता 'आजी' म्हणतात. मधलं काही कोणी म्हटल्याचं आठवत नाही.

दर रविवारी चार वाजता आपण बोलतोच, मग पत्र कशाला, असं तुमच्या मनात येईल. पण आपण बोलतो म्हणजे काय बोलतो ते आठवा. तुम्ही म्हणता डावीकडे घ्या, मी म्हणते घेतलं, तुम्ही म्हणता थोडं जास्त झालं. दोन तासांत याच्यापलीकडे गाडी जात नाही. आणि कानाला हेडफोन लावून मी काही वेगळं काढलंच तर तुम्ही 'असू दे आई' म्हणून मोकळे होता. कागदाला मध्येच 'असू दे' म्हणता येत नाही, म्हणून कागद. पत्ता तुम्ही पाठवलेल्या केबलच्या पाकिटावरून घेतला. त्या केबलबद्दलही सांगायचं आहे, पण आधी तिची पाळी येऊ द्या.

माझ्या ऑपरेशनच्या वेळी तुम्ही तुमचा तो खेळांचा काळा खोका माझ्या खोलीत आणून टीव्हीला जोडलात, ती गोष्ट मी विसरलेले नाही. सहा आठवडे पाय उशीवर ठेवून छताकडे बघायचं होतं. शेजारणी येत होत्या, पण त्या आपापल्या गुडघ्यांबद्दल बोलायच्या. तुम्ही कामावरून येऊन, हात धुऊन, शेजारी खुर्ची ओढायचात आणि आपण दोघं त्या खेळातला मालट्रक हाकायचो. एकाने चालवायचा, दुसऱ्याने नकाशा आणि माल सांभाळायचा. अख्खा खंड पालथा घालायचा. (त्या खेळातल्या वजनकाट्यावर गाडी पुरती थांबायच्या आतच वजन लिहितात, याबद्दलची माझी तक्रार अजून कायम आहे. असं वजन मी लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसले असते.) मी रिमोट म्हणायचे, तुम्ही कंट्रोलर म्हणा म्हणून सांगायचात. गुडघा बरा झाला तरी खुर्ची तिथेच राहिली.

मग आठ महिन्यांपूर्वी तुम्ही गेलात. कपडे, हत्यारांची पेटी आणि दाढीचं सामान घेतलंत आणि खोक्याकडे बघून म्हणालात, तो आईंना राहू द्या. पुढच्याच रविवारी तुम्ही कुठूनसा जुना खोका मिळवलात आणि आपण आपापल्या घरून खेळायला लागलो. लेकीला मी सांगितलं नाही. रविवारी ती औषधांच्या दुकानात सात वाजेपर्यंत असते, त्यामुळे खोटं बोलायची वेळ आली नाही. फक्त खरं बोलायची वेळ टळत गेली.

आता मुद्द्यावर येते. अडीच महिन्यांपूर्वी त्या खेळाचा नवा भाग आला, तीन देश वाढले, आणि खोका म्हणाला जागा नाही. तुम्ही म्हणालात, बाहेरून लावायची डिस्क मिळते, ती लावा. कोणती, हे मी मुद्दामच विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तुम्हीच घेऊन पाठवली असती. दुकानात बारीक केस कापलेली एक मुलगी होती. तिने दोन डिस्क पुढे ठेवल्या आणि आत चकती फिरणारी हवी की न फिरणारी, असं विचारलं. मी दोन्ही दोन हातांत घेतल्या. एक विटेसारखी भरीव, दुसरी साबणाच्या झिजलेल्या वडीएवढी, हाताला लागतसुद्धा नव्हती. एकतीस वर्षं मी एकच गोष्ट शिकले आहे की वजन आहे तिथे माल आहे. मुलगी काहीतरी वेगाबद्दल सांगत होती, पण मी तोवर वीट पिशवीत टाकली होती.

विटेत जागा भरपूर होती, त्याबद्दल तक्रार नाही. कानाशी धरली की लांबवर गिरणी चालल्यासारखा आवाज यायचा, तोही मला आवडला. काम चालू असल्याची खात्री वाटायची. पण खेळ सुरू केला की पडद्यावर ट्रकचं चित्र यायचं, खाली एक पांढरी रेघ सरकायला लागायची, आणि सरकतच राहायची. केबिनमधलं थांबघड्याळ मी घरी आणलं. पहिल्या रविवारी तीन मिनिटं चाळीस सेकंद. दुसऱ्या रविवारी तीन चव्वेचाळीस. तिसऱ्या रविवारी तीन छत्तीस झाले तेव्हा मला वाटलं वीट आता सरावली, पण चौथ्या रविवारी पुन्हा चाळीस. तेवढ्या वेळात मी कपड्यांच्या घड्या घालायचे, भांडी पुसायचे, एकदा तर नखंही कापून झाली. तुमचा खोका मात्र आधीच पोचलेला असायचा. मी आगारात शिरले की खेळातला तुमचा माणूस फाटकाशी नकाशा हातात धरून उभा दिसायचा. पुढच्या गावी गेलं की पुन्हा तेच, पुन्हा साडेतीन मिनिटं, आणि पुन्हा तुम्ही उभे. सात रविवार. एकदाही तुम्ही विचारलं नाहीत की आई, मध्ये कुठे झोपता का.

याहून वाईट ते घाटात झालं. तुम्हाला आठवतंय, मला तर आकड्यांसकट आठवतंय. चाळीस टन काच होती. अकरा तासांचा प्रवास संपत आला होता, उतार होता, मी खुशीत जरा जोरात सोडली, आणि समोरचा रस्ता संपला. कडा नाही, दरी नाही, फलक नाही. रस्ता अजून आलेलाच नव्हता. (त्या मुलीने नंतर मला समजावलं. जमीन, झाडं, रस्ता हे सगळं डिस्कमध्ये ठेवलेलं असतं आणि गाडी पुढे जाईल तसं डिस्क ते काढून देत जाते. मी विटेपेक्षा वेगाने चालवत होते. म्हणजे ती बिचारी सतरंजी उलगडत होती आणि मी तिच्या हातावर पाय देऊन पुढे गेले.) आपली गाडी काचेसकट राखाडी पोकळीत पडत राहिली. पडायलाही वेळ लागला. मी कपाळाला हात लावून बसले होते आणि तुम्ही त्या तुमच्या गुळगुळीत आवाजात म्हणालात, असू दे आई, परत जाऊ. अकरा तास परत.

त्या दिवशी मला भरून आलं. असा माणूस पोरीने कसा सोडला, असंही मनात आलं. मनात आलं म्हणजे आठ महिने तेच येत होतं, ते मी आज कबूल करते. तिच्याशी एक शब्द बोलले नाही, पण ताट वाढताना हात जरा जोरात आपटायचा आणि ती वर बघायची नाही.

दुसऱ्या दिवशी जाऊन मी ती साबणाची वडी आणली. मुलगी 'मी म्हटलं होतं' असं म्हणाली नाही, हा तिचा मोठेपणा. आता सगळं सुरळीत व्हायला हवं होतं. पण वडीसोबत आलेली तार आखूड निघाली, म्हणून मी घरातल्या जुन्या प्रिंटरची लांब तार लावली, आणि खोक्याच्या पुढच्याच भोकात घातली, कारण मागच्या भोकाशी पोचायला टीव्हीखालचं कपाट सरकवावं लागतं. दोन मिनिटं पन्नास सेकंद. वडी घेऊन तरातरा दुकानात गेले. मुलीने तार बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि विचारलं की आजी, तुमच्या काट्यावर येणारा रस्ता चारपदरी केला पण काट्यावर गाड्या एकेकच घेतल्या, तर रांग कमी होईल का? मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, मग? मी वडी उचलून घरी आले. एकतीस वर्षांत मला कोणी माझ्याच काट्यावर असं तोललं नव्हतं.

रविवारी मी तुम्हाला नुसतं म्हटलं की तार जुनी असावी. तुम्ही 'बरं' म्हणालात. चौथ्या दिवशी पाकीट आलं. आत केबल, बाकी काही नाही. ना चिठ्ठी, ना दोन शब्द. वर फक्त पत्ता, तुमच्या त्या आराखड्यातल्यासारख्या सरळ अक्षरात.

तर गुरुवारी दुपारी, लेक यायच्या आत काम उरकावं म्हणून मी कपाट पुढे ओढलं आणि त्याच्या मागे शिरले. नवी केबल हातात घेतली. मागचं भोक चाचपत खाली बसले, आणि जळक्या गुडघ्याने वेळ साधली. तो वळेना, उजवा एकटा उठवेना, पुढे कपाट, मागे भिंत. आधाराला म्हणून जी तार हाताला लागली ती ओढली, तर ती जुनी तार निघाली, वडीसकट, आणि खोका चालूच होता. पडद्यावर मोठ्या अक्षरात आलं की वापरात असलेली डिस्क काढली गेली आहे, नुकसान झालं असण्याची शक्यता आहे. ते मला समोरच्या भिंतीवरच्या आरशातून उलटं दिसत होतं, तरी कळलं. आपले दोनशे चौदा तास डोळ्यांपुढून गेले. मी तिथे पंचेचाळीस मिनिटं बसून होते. (घड्याळ गळ्यात होतं, म्हणून नेमकं सांगते.)

लेक आली. आधी तिला कपाट दिसलं, मग माझे पाय. तिने कपाट सरकवलं, माझ्या काखेत हात घालून मला वर काढलं, खुर्चीवर बसवलं, गुडघ्याला बर्फ लावला. मग जमिनीवरचं पाकीट उचललं. उलटसुलट केलं. अक्षर ओळखायला तिला पत्ता वाचावा लागला नाही.

मी सगळं सांगून टाकलं. रविवार, चार वाजता, मालट्रक, वीट, वडी. मला वाटलं आता उठून आत जाईल. तिने विचारलं, तो काय म्हणतो? मी म्हटलं, डावीकडे घ्या म्हणतो. ती हसली नाही, पण खाली बसली, तुमची केबल वडीला आणि खोक्याच्या मागच्या भोकात नीट, आवाज येईपर्यंत बसवली. (औषधाच्या बाटलीचं झाकणही ती तसंच लावते.) खोका म्हणाला, डिस्क तपासून दुरुस्त करतोय, बंद करू नका. पुन्हा ती पांढरी रेघ. पन्नास मिनिटं लागली. आम्ही दोघी मायलेकी शेजारी बसून रेघेकडे बघत होतो, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा आम्हाला एकमेकींकडे बघावं लागत नव्हतं.

मी तिला घाटातली गोष्ट सांगितली. चाळीस टन काच गेली आणि तो नुसता असू दे म्हणाला, असं कौतुकाने सांगितलं. आता थोडं टोचेल, हेही मी जाणून होते.

"आई," ती म्हणाली, "एकटीने भांडून माणूस दमतं गं."

एवढंच. मग थोड्या वेळाने बाकीचं. तुम्ही बदली नाकारलीत ते तिला शेजाऱ्यांकडून कळलं. ती दुकानातली नोकरी सोडते म्हणाली तेव्हा तुम्ही तुझी मर्जी म्हणालात, नाही सोडत म्हणाली तेव्हाही तेच. दवाखान्यातून ती एकटी परत आली, त्या दिवशी ती तुमच्यावर ओरडली, कप फोडला, आणि तुम्ही तुकडे गोळा करत असू दे म्हणालात. तिला वाटलं, या माणसाचं काहीच बिघडत नाही. मग आपण असलो काय, नसलो काय.

जावईबापू, मी भरलेल्या गाडीचं वजन घेतलं आणि रिकाम्या गाडीचं घ्यायचं राहिलं, मग आत माल किती ते कळणार कसं. अशी अर्धी चिठ्ठी मी काट्यावर कुणाला दिलेली नाही, पोटच्या मुलीला मात्र आठ महिने दिली. तुमचा चांगुलपणा खोटा आहे असं मी म्हणत नाही. पाठ दुखत असताना तुम्ही खुर्ची ओढून बसलात, ते मी विसरणार नाही. पण सात रविवार तुम्ही फाटकाशी उभे राहिलात आणि एकदाही चिडला नाहीत. एकदा ओरडला असतात, 'आई, किती वेळ!' असं, तर मी दुसऱ्या दिवशी डिस्क बदलली असती आणि ती काच आज पोचलेली असती. तुम्ही चिडला नाहीत, म्हणून मला वाटत राहिलं की सगळं ठीक आहे. मला सात आठवडे वाटलं. तिला नऊ वर्षं.

दुरुस्ती झाली. दोनशे चौदा तास शाबूत आहेत. (दुकानातली मुलगी म्हणाली की ते डिस्कवर नव्हतेच, खोक्याच्या आतच होते, बाहेर नुसता खेळ ठेवलेला होता. म्हणजे मी पंचेचाळीस मिनिटं फुकट रडले.) गेल्या रविवारी घड्याळ लावून बघितलं, एकतीस सेकंद. फाटकाशी आधी आपली गाडी उभी होती आणि तुम्ही नंतर आलात. घाटातला रस्ता शेवटपर्यंत जागेवर होता, एक झाडसुद्धा उशिरा उगवलं नाही.

वाटलं ते लिहिलं. राग आला तर येऊ द्या, तोच हवा आहे. पाठीला जपा.

काट्यावरच्या आईकडून, जिचा हुद्दा अजून कुणी खोडलेला नाही.

ता. क. वीट टाकलेली नाही. जे खेळ आत्ता खेळायचे नाहीत ते ठेवायला ती उत्तम आहे. आणि तुम्ही नवा खोका घ्यायचा विचार करत असाल तर मला विचारल्याशिवाय घेऊ नका. त्याचे नवे खेळ बाहेरच्या डिस्कवर नुसते ठेवता येतात, खेळायला आत आणावे लागतात, वीट असो की वडी. मी चौकशी केली आहे.

ता. क. दुसरा. गेल्या रविवारी गाडी मी चालवत नव्हते. माझा गुडघा भोपळ्याएवढा सुजला होता आणि मी आतल्या खोलीत पडून होते. लेकीने दुकानातली पाळी बदलून घेतली होती, मला वाटलं माझ्यासाठी. तुम्ही म्हणालात ना, 'आई, आज रिव्हर्स छान घेतलात'? मला दोन वर्षांत रिव्हर्स आलेला नाही, हे तुमच्या लक्षात यायला हवं होतं. ती दोन तास काहीच बोलली नाही, नुसतं चालवलं. फक्त पुलावर तिने गाडी भलतीच जोरात घातली आणि तुम्ही ओरडलात, "थांबा! थांबा म्हणतोय ना!" आणि मग तीनदा माफी मागितलीत. ती आत येऊन माझ्या पायाशी बसली आणि म्हणाली, ओरडला. संध्याकाळी जेवताना पुन्हा सांगितलं, जसं काही मी पहिल्यांदा ऐकलंच नव्हतं.

ता. क. तिसरा. या रविवारी तिची पाळी पाचला संपते. काल तिने औषधाची वेळ विचारावी तशा आवाजात विचारलं की तुमचा तो खेळ साडेपाचला सुरू करता येतो का. मी म्हटलं, विचारून सांगते. तुम्ही परत यावं असं मी लिहीत नाही, तो माझा काटा नाही. खेळायला यायचं नसेल तर खोका लावू नका, एवढ्यानेच कळेल. लावलात तर मी तिथे नसेन. मला त्या दिवशी भुईकाट्याच्या सरकारी तपासणीला जायचं आहे. रविवारी तपासणी नसते हे तुम्हाला माहीत आहे, आणि तिलाही. तिने काही विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका.